सरासरी ६.६ आणि पहाटेचा घाम : विस्मरण जडलेल्या व्यक्तीचा मधुमेह कसा सांभाळावा

कराडजवळच्या एका गावातून एका सुनेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. मधुमेह वीस वर्षांपासून आहे आणि दोन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. सकाळी ग्लिमेपिराईड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधे एकत्र असलेली गोळी आणि मिश्र (झटपट आणि सावकाश लागू पडणारे एकत्र केलेल्या) इन्सुलिनची १८ युनिटे, रात्री पुन्हा १२ युनिटे असा उपचार चालू आहे. रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी ६.६ आली, म्हणून पुण्याचे दीर समाधानी आहेत. मात्र गेल्या महिन्यात दोन-तीन वेळा सासूबाई पहाटे घामाने भिजलेल्या आढळल्या, त्या वेळी त्यांनी कोणालाच ओळखले नाही, आणि एकदा बाथरूमकडे जाताना त्या पडल्या. नणंद माहेरी आली की आईला गोड भरवते, त्यावरून घरात वाद होतात. साखर नेमकी किती ठेवावी आणि कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी तातडीचे सांगतो. पहाटेचा घाम, ओळख न पटणे आणि पडणे या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की माझा पहिला संशय रात्री रक्तातील साखर फार खाली जात असल्याचा आहे. आज रात्री झोपताना आणि पहाटे तीनच्या सुमारास ग्लुकोमीटरवर साखर मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. कोणताही आकडा ७० च्या खाली आला, तर लगेच ग्लुकोज द्या आणि सकाळी पुढची गोळी व इन्सुलिन देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून विचारा. आकडे ठीक आले तरीही याच आठवड्यात त्यांना भेटून औषधे कमी करण्याविषयी बोला.

६.६ ही सरासरी तुमच्या सासूबाईंसाठी चांगली नाही. एखाद्या पन्नाशीच्या, धडधाकट माणसाला मी याच आकड्याबद्दल शाबासकी दिली असती. परंतु एचबीए१सी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते आणि सरासरीत चढ व उतार एकमेकांना झाकून टाकतात. दुपारी २५० आणि पहाटे ५० असे चालले असेल, तरी कागदावर आकडा देखणाच दिसतो. शिवाय रक्तक्षय, मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष असतील, तर हा आकडा मुळातच फसवा येऊ शकतो. विदर्भात, जिथे सिकल सेलचे रुग्ण बरेच आढळतात, तिथल्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

मग आकडा किती असावा? अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वयस्कर रुग्णांचे तीन गट केले आहेत, आणि माझ्या अनुभवात ती विभागणी आपल्याकडेही चांगली लागू पडते. ज्यांचे शरीर व स्मरण दोन्ही शाबूत आहे त्यांची सरासरी ७ ते ७.५ च्या खाली असावी. ज्यांना सौम्य ते मध्यम विस्मरण आहे, पैशांचा हिशेब, औषधे, स्वयंपाक यांसारख्या गोष्टी स्वतः जमत नाहीत, त्यांची ८ च्या खाली असली की पुरे. आणि ज्यांचे विस्मरण बरेच वाढले आहे, ज्यांना आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्याची मदत लागते, त्यांच्या बाबतीत सरासरीच्या मागे लागूच नये; साखर फार खाली जाणार नाही आणि इतकीही वर जाणार नाही की तहान, वारंवार लघवी, गळून जाणे अशी लक्षणे दिसू लागतील, एवढेच पाहावे. तुमच्या वर्णनावरून सासूबाई दुसऱ्या व तिसऱ्या गटाच्या सीमेवर असाव्यात. अशा रुग्णाची उपाशीपोटीची साखर मी साधारण १०० ते १५० आणि झोपतानाची ११० ते २०० च्या दरम्यान ठेवतो, आणि झोपताना ११० च्या खाली आकडा दिसला की काहीतरी खायला दिल्याशिवाय त्यांना झोपू देऊ नये, असे घरच्यांना सांगतो.

दीरांची काळजी मला समजते. मधुमेहाने डोळे, मूत्रपिंडे, पाय बिघडतात हे त्यांनी ऐकलेले असते आणि ते खरेच आहे. पण कडक नियंत्रणाचा तो फायदा पदरात पडायला सात-आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि साखर उतरण्याचा धोका मात्र आज रात्रीच असतो. या प्रश्नाचा शोध घेणाऱ्या मोठ्या अभ्यासांपैकी एक म्हणजे अमेरिका व कॅनडात दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला अकॉर्ड अभ्यास. त्यात एका गटाची सरासरी ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला होता. त्या गटात मृत्यू अधिक होऊ लागल्याचे दिसल्याने २००८ साली तो कडक उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. त्याच अभ्यासाच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भागात स्मरणशक्तीच्या चाचण्याही घेतल्या होत्या आणि कडक नियंत्रणाने स्मरण अधिक टिकते असे त्यात आढळले नाही. उलट २००९ साली कॅलिफोर्नियातील १६,६६७ मधुमेही रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले, की ज्यांना साखर उतरल्यामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त होते आणि अशा प्रसंगांची संख्या वाढत गेली तसा धोकाही वाढत गेला. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के एकटा मेंदू वापरतो, आणि तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. आधीच दुबळा झालेला मेंदू ही उपासमार सहन करू शकत नाही. आणि विस्मरण झालेल्या माणसाची साखर पुन्हा उतरण्याची शक्यताही वाढते, कारण तो घेतलेली गोळी पुन्हा घेतो, वाढलेले ताट तसेच ठेवतो, आणि छातीत धडधडते आहे हे त्याला सांगता येत नाही. म्हणजे हे दुष्टचक्र दोन्ही बाजूंनी फिरते.

साखर उतरल्याची जी लक्षणे आपण सर्वांना शिकवतो, म्हणजे हात थरथरणे, घाम, भूक, धडधड, ती या रुग्णांत बऱ्याचदा दिसतच नाहीत. वय वाढले की शरीराची धोक्याची घंटा क्षीण होते, आणि रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड आणखी दबतात. त्यामुळे दिसते ते फक्त वागणे : चिडणे, शिवीगाळ, घास तोंडात धरून बसणे, जेवायला नकार, बोलणे जड होणे, तोल जाणे, भलत्या वेळी डोळा लागणे. घरचे म्हणतात, आज डोके जास्तच फिरले आहे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी एक सवय लावून घ्यायला सांगतो : वागण्यात अचानक बदल झाला, की समजूत घालण्याआधी, रागावण्याआधी आणि झोपेची गोळी देण्याआधी बोट टोचून साखर मोजायची.

एक प्रसंग सांगतो. एका आजींच्या सुनेने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजी संध्याकाळी फार अस्वस्थ झाल्या त्या तारखांना खुणा केल्या होत्या. संध्याकाळी बेचैनी वाढणे हे स्मृतिभ्रंशात नेहमी दिसते, म्हणून मीही सुरुवातीला त्याकडे त्याच नजरेने पाहिले, ही माझी चूक होती. चार महिन्यांच्या खुणा एकत्र पाहिल्या तेव्हा त्यातल्या सर्वांत वाईट चार संध्याकाळी चारही संकष्टीच्या निघाल्या. आजी पन्नास वर्षांच्या सवयीने चंद्रोदयापर्यंत काही खात नव्हत्या, सकाळची ग्लिमेपिराईडची गोळी मात्र न चुकता दिली जात होती, आणि रात्री साडेआठ-नऊला चंद्र उगवेपर्यंत साखर तळाला जात होती. विस्मरण झालेल्या माणसाच्या स्मरणातून काल काय घडले ते निघून जाते, पण उपासाचा दिवस जात नाही. तेव्हा ती तिथी आता घरातल्यांनी लक्षात ठेवायची. त्या दिवशी ती गोळी देऊ नये आणि इन्सुलिन किती कमी करावे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. पूजा होऊ द्यावी, नैवेद्य मात्र दुपारी दाखवून त्यांना जेवू घालावे. एकादशीला प्रकार उलटा होतो, साबुदाण्याची खिचडी आणि रताळे यांनी साखर भराभर चढते. तिथे भगर, दाण्याची आमटी, दही, ताक असे जेवण बरे पडते.

आता औषधांकडे येतो, आणि येथे दोन गोष्टी स्पष्ट करतो. पुढचे बदल तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करायचे आहेत. आणि ज्यांना टाईप वन मधुमेह आहे, म्हणजे ज्यांचे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्यांचे इन्सुलिन कधीही पूर्णपणे बंद करायचे नसते. सासूबाईंच्या यादीत सर्वांत आधी माझी नजर ग्लिमेपिराईडवर जाते. हे औषध, ग्लिक्लाझाईड आणि त्यांच्याच जातीचे जुने ग्लायबेनक्लामाईड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग माणूस जेवलेला असो वा नसो. सोबत दोन वेळचे इन्सुलिन असताना या वयात ते चालू ठेवण्याचे कारण मला दिसत नाही, आणि बहुतेक वेळा मी तेच प्रथम काढतो. ग्लायबेनक्लामाईड तर वृद्धांना देऊच नये, कारण मूत्रपिंडे थोडीशी जरी मंदावली तरी ते शरीरात साचते. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर उतरत नाही, ते ठेवता येते, पण मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, जी अहवालात ईजीएफआर या नावाने छापलेली असते, ती ४५ च्या खाली गेली की मात्रा कमी करावी आणि ३० च्या खाली गेली की ते बंद करावे. वीस वर्षे मेटफॉर्मिन घेतलेल्या माणसाच्या रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वही एकदा अवश्य तपासावे. ते कमी पडले तरी विस्मरण व तोल जाणे वाढते, आणि ही कमतरता भरून काढता येते. थायरॉईडचीही तपासणी याच वेळी करून घ्यावी.

व्होग्लिबोजबद्दल एक गोष्ट फार थोड्या कुटुंबांना सांगितली जाते. हे औषध घरातल्या साध्या साखरेचे पचन आतड्यातच मंद करते. त्यामुळे रक्तातील साखर उतरली असताना साखरपाणी दिले, तर ते वेळेवर लागू पडत नाही. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी. तीन-चार चमचे पावडर अर्ध्या पेल्यात विरघळवून, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच, बसवून घोट-घोट पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या, आणि साखर वर आली की पोळी-भाजी किंवा दूध-भात असे काहीतरी टिकणारे खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि ग्लिमेपिराईड घेणाऱ्याची साखर उतरली असेल तर एकदा वर आली म्हणून निश्चिंत राहू नका. ती चोवीस तासांत पुन्हा उतरू शकते, म्हणून अशा रुग्णाला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणेच योग्य.

इन्सुलिनच्या बाबतीत मिश्र इन्सुलिनची अडचण अशी, की ते टोचले म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेले जेवण झालेच पाहिजे, आणि स्मृतिभ्रंशात नेमकी तीच हमी देता येत नाही. रात्री १२ युनिटे टोचून घेतलेल्या सासूबाईंनी दोन घास खाऊन ताट सरकवले, की पहाटेचे काय होणार हे त्या वेळीच ठरून जाते. अशा वेळी दोन्ही वेळचे मिश्र इन्सुलिन थांबवून, दिवसभराच्या एकूण युनिटांच्या सुमारे ७० टक्के मात्रा ग्लार्जिनसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनच्या रूपात दिवसातून एकदाच, तीही सकाळी द्यावी, अशी एक मान्य पद्धत आहे. सासूबाईंची एकूण ३० युनिटे आहेत, म्हणजे हिशेबाने २१ युनिटे होतात. पण सरासरी ६.६ आणि पहाटेचे प्रसंग पाहता मी त्याहूनही कमी मात्रेने सुरुवात केली असती. पुढे आठवडाभराचे उपाशीपोटीचे आकडे पाहून दोन-दोन युनिटांनी वर-खाली करता येते. जेवणानंतर साखर फार चढत असेल तर लिनाग्लिप्टिनसारखी, एकट्याने साखर न उतरवणारी गोळी जोडता येते; तिची मात्रा मूत्रपिंडासाठी बदलावी लागत नाही. हल्ली बऱ्याच जणांना साखर लघवीवाटे बाहेर टाकणारे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन दिले जाते. हृदयासाठी व मूत्रपिंडासाठी ती उत्तम औषधे आहेत, पण ज्याला लघवीवर ताबा ठेवता येत नाही, जो पाणी प्यायला विसरतो आणि कधीकधी दिवसभर जेवत नाही, त्याला ती फार जपून द्यावी लागतात. वजन व भूक कमी करणारी सेमाग्लुटाईडसारखी औषधे आधीच खंगत चाललेल्या रुग्णाला देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

इन्सुलिन कोण टोचते, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मला ते जाणून घ्यायचे आहे. सासूबाई अजून स्वतः टोचून घेत असतील तर ते काम त्यांच्याकडून हळुवारपणे, मान राखून काढून घ्या. ‘द्या, आज मी टोचते’ एवढे म्हटले तरी पुरते. गोळ्यांची पाकिटे आणि इन्सुलिन त्यांच्या हाती लागणार नाही असे ठेवा, त्या दिवसाच्या गोळ्या आठवड्याच्या खणांच्या डबीत घाला, आणि दिल्यावर वहीत वेळ लिहा, म्हणजे तुम्ही दिलेली गोळी तुमचे यजमान पुन्हा देणार नाहीत. कुपीतून इन्सुलिन काढत असाल तर सिरिंज नीट पाहा. आपल्याकडे कुपीवर ४० आयू (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे) लिहिलेले असते, काहींवर १०० आयू असते, आणि दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजची टोपी लाल आणि १०० च्या सिरिंजची नारिंगी. शंभरच्या कुपीला चाळीसची सिरिंज लावली तर अडीचपट इन्सुलिन शरीरात जाते. त्याच जागी रोज टोचून गाठ झाली असेल तर जागा बदला, पण लक्षात ठेवा, की गाठीतून नीट न शोषले जाणारे इन्सुलिन नव्या जागी एकदम पूर्ण लागू पडते आणि साखर घसरते, म्हणून तेव्हा मात्रेविषयी आधी विचारून घ्या.

साखर वर गेली तर काय, हा प्रश्न दीर नक्की विचारतील. जेवणानंतर १८० च्या जागी २२० आली म्हणून घाबरायचे कारण नाही आणि लगेच जादा इन्सुलिन टोचायचे नाही. पण आकडे सलग २५०-३०० च्या वर राहू लागले, तोंड कोरडे पडले, लघवी फार वाढली, किंवा त्या सुस्त दिसू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा; वृद्धांत पाणी कमी पडून साखर पाचशे-सहाशेच्या वर जाते आणि त्यात जीव धोक्यात येतो. अशा वेळी मूळ कारण बहुधा लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पायाची दुर्लक्षित जखम, किंवा नव्याने सुरू झालेले स्टिरॉईड असते. रात्रीच्या अस्वस्थपणासाठी ओलान्झापिन सुरू केले असेल तर त्यानेही साखर वाढते, आणि स्मरणासाठीच्या डोनेपेझिलने काहींची भूक मंदावते व वजन उतरते. म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी काही नवीन लिहिले, की मधुमेहाच्या डॉक्टरांना ते दाखवायचे. कपडे पूर्वीपेक्षा सैल होऊ लागले, तर समजा, की मधुमेहाची जुनी मात्रा आता जास्त होत आहे.

औषधे बदलल्यावर पहिले दोन आठवडे सकाळी आणि झोपताना साखर मोजा आणि आठवड्यातून एक-दोनदा पहाटे. घडी बसली की आठवड्यातून दोन-तीन आकडे पुरतात. रोज चार वेळा बोटे टोचून त्यांना छळू नये. परवडत असेल तर दंडावर चौदा दिवस राहणारा सेन्सर एकदा लावून पाहावा, रात्रीचे चित्र त्यातून फार स्पष्ट होते, मात्र त्यांनी तो उचकटू नये म्हणून पूर्ण बाहीचे पोलके किंवा गाऊन घाला.

नणंदेच्या गोडाबद्दल तुम्ही संकोचून लिहिले आहे, तर तेही सांगतो. या अवस्थेत साखरेपेक्षा जास्त काळजी त्यांनी जेवण सोडण्याची असते. कडक पथ्याने त्यांचे वजन उतरेल, स्नायू झिजतील आणि पडणे वाढेल. मेतकूट-भात, मऊ खिचडी, ताकातली नाचणीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, अंडे चालत असेल तर अंडे, असे त्यांना ओळखीचे व गिळायला सोपे ते ठरलेल्या वेळी द्या, आणि भरवलेले किती पोटात गेले ते पाहूनच पुढच्या औषधाचा विचार करा. गोड द्यायचे ते जेवणात द्या, मधल्या वेळी किंवा लपवून नको. नणंद आली की तिने आईला जेवणाच्या ताटात एक उकडीचा मोदक किंवा चमचाभर शिरा स्वतःच्या हाताने भरवावा, त्या वेळचा भात तेवढा कमी वाढावा, आणि वहीत तसे लिहावे. आणि नणंद व दीर दोघांनाही, जमल्यास पुढच्या भेटीला, डॉक्टरांच्या खोलीत सोबत घेऊन जावे. इन्सुलिनची मात्रा किती कमी झाली आणि का, हे त्यांनी तुमच्या तोंडून ऐकण्याऐवजी तिथे ऐकावे, म्हणजे उद्या साखर २१० आली तर त्याचा जाब तुम्हाला एकटीला द्यावा लागणार नाही.